तेहतिसाव्या वहीतला भागाकार

मेळाव्याला अकरा दिवस उरले असताना नवसीला पहिली चूक सापडली, आणि ती तिने कुणालाच सांगितली नाही.

नवसी पालघरकडच्या मुरबे गावची, मांगेल कोळ्यांच्या आळीतली. आईची आधीची तीन बाळं गेली, मग ही नवसाने झाली म्हणून नाव नवसी. शाळा चौथीपर्यंत, तीही मासळीच्या दिवसांत बुडत बुडत. पण पाढ्यांची गोडी तिला अशी लागली की पावकी, सवायकी, दीडकी सगळं तोंडात बसलं. पुढे वलांडीवर बोंबील सुकायला टांगताना तिला ते कामाला आलं. बांबू रोवून दोऱ्या ताणायच्या, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकायची, की पुढची जोडी. हात चालत राहतात, डोकं रिकामं. त्या रिकाम्या डोक्यात ती एकोणतीस नि सदतीसचे पाढे म्हणत राहायची. बाजूच्या बाया हसायच्या. सतराव्या वर्षी तिचं लग्न गावच्याच शाळेतल्या दामू तामोरे मास्तरांशी झालं, तेव्हा त्या बाया म्हणाल्या, बरं झालं, पोरीला पाढे ऐकणारा मिळाला.

मास्तरांना वेड होतं एकांच्या आकड्यांचं. नुसते एक एकापुढे एक मांडायचे आणि तो आकडा कशाने तुटतो ते पाहायचं. दोन एक, म्हणजे अकरा, तो कशानेच तुटत नाही. तीन मांडले तर तीन आणि सदतीसने तुटतो. पाच मांडले तर एकेचाळीसने, सात मांडले तर दोनशे एकोणचाळीसने. अकरा एक त्यांनी स्वतः एका मे महिन्याच्या सुटीत फोडले होते. तेरा एकांना त्रेपन्नने भाग जातो. पंधराचं काही अप्रूप नाही, त्यांचे तीन-तीनचे गठ्ठे पडतात. पण सतरा एक मांडले की आकडा जाऊन पोचतो थेट परार्धाखालच्या मध्य या स्थानापर्यंत, एक मध्य, एक अंत्य, एक जलधी आणि तसं खाली एककापर्यंत. तो काही केल्या तुटेना.

पालघरला सावे सर राहत. मुंबईच्या एका कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. मास्तरांनी त्यांना पत्र घातलं. सरांनी उलट टपाली कळवलं की सतरा एकांना जी मूळ संख्या भागेल तिला चौतीसने भागल्यावर एकच उरला पाहिजे. तसं का, तेही चार ओळींत लिहिलं. म्हणजे वाटेल त्या आकड्याने भागत बसायचं कारण नाही. चौतीस-चौतीसच्या उड्या मारत जायचं, त्यातले तीन, पाच, सात, अकरा असल्या बारीक आकड्यांनी जाणारे गाळायचे आणि उरतील त्यांनी भागून पाहायचं. आकडा तुटतच नाही असं छातीठोक सांगायचं तर साडेदहा कोटींपर्यंत जावं लागेल, असंही सरांनी लिहिलं होतं. तेवढं आयुष्य कुणाकडे असतं? मास्तरांनी ठरवलं, आपण पंचवीस लाखांपर्यंत जायचं.

हे अठ्ठावन्न साली सुरू झालं. एका वहीत सहाशेच्या आसपास भागाकार मावत. सात वर्षांत चौतीस वह्या भरल्या. आणि चौतिसावी भरत असतानाच मास्तरांच्या डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही. शाळा सोडावी लागली. तेव्हा नवसीने वही आपल्याकडे ओढली. मास्तर ओटीवर बसून चौतीस मिळवत मिळवत पुढचा आकडा सांगायचे आणि ती भागायची. दुपारी, मासळीचं काम उरकलं की. तिचा हात मास्तरांपेक्षाही वेगात चाले. अशा आणखी सहा वह्या भरल्या, आणि सदुसष्टच्या दिवाळीनंतर पंचवीस लाख पुरे झाले. एकही भाग गेला नव्हता.

सावे सरांना फार कौतुक वाटलं. डिसेंबरात पालघरला तालुक्यातल्या शिक्षकांचा मेळावा होता. तिथे दामू मास्तरांनी आपल्या कामाबद्दल दोन शब्द बोलावेत आणि जुन्या वहीतला एखादा भागाकार मोठ्या कागदावर उतरवून आणावा, असं सरांचं पत्र आलं.

"वीस लाखांपुढचा कुटलाबी घे," मास्तर म्हणाले. "तेहतिसावी वही काढ. मोठा भाजक दिसला की लोकांना कळंल, काम केवढं हाय ते."

नवसीने तेहतिसावी वही काढली, एक पान उघडलं आणि उतरवायला लागली. उतरवताना सवयीने मनात वजाबाकीही करत होती. तिसऱ्या ओळीत तिचा हात थांबला. आठातून पाच गेले होते आणि खाली दोन लिहिले होते.

तिने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. दोनच.

"उतरला?" मास्तरांनी ओटीवरून विचारलं.

"शाई वाळतेय," ती म्हणाली.

तिने दुसरं पान काढलं. आता तिला नवाचा ताळा आठवला. तो मास्तरांनीच तिला शिकवला होता. आकड्यातले अंक मिळवत मिळवत एका अंकावर आणायचे. भाजकाचा अंक आणि भागाकाराचा अंक गुणायचे, त्यात बाकीचा अंक मिळवायचा. सतरा एकांची बेरीज सतरा, म्हणजे आठ. उत्तर आठ आलं तर ठीक, नाही आलं तर कुठेतरी पाय घसरलाय. पहिल्या एकतीस वह्यांत प्रत्येक भागाकाराशेजारी मास्तरांनी ताळ्याची बारीक खूण केली होती, आणि आपल्या सहा वह्यांत नवसीनेही ताळा कधी सोडला नव्हता. बत्तिसाव्या वहीत त्या खुणा विरळ होत गेल्या होत्या. तेहतिसावीत एकही नव्हती. डोळे शिणायला लागले तेव्हा त्यांनी ताळा सोडून दिला असणार, निदान भागाकार तरी पुढे सरकावा म्हणून.

तिने त्या पानापासून दहा भागाकारांचे ताळे पाहिले. नऊ जुळले. एक जुळला नाही.

नमुना तिने आपल्या वहीतला, छत्तिसावीतला उतरवला आणि मास्तरांना सांगितलं, तेहतिसावीतला आहे. लग्नाला बावीस वर्षं झाली होती. आकड्याच्या बाबतीत ती त्यांच्याशी पहिल्यांदा खोटं बोलली.

त्या दिवशी वलांडीवर तिचे हात जोड्या टाकत होते आणि डोकं मात्र पाढे म्हणायला तयार नव्हतं. बत्तीस, तेहतीस, चौतीस या तीन वह्यांत मिळून अठराशे भागाकार. त्यात चुका किती, कोण जाणे. आणि अकरा दिवसांनी मास्तर शंभर माणसांपुढे उभे राहून सांगणार, पंचवीस लाखांपर्यंत भाजक नाही. सगळेच्या सगळे पुन्हा भागणं शक्य नव्हतं. पण ताळा बघायला मिनिटभर पुरतं. ताळा चुकेल तेवढेच पुन्हा भागायचे.

घरात ते जमणार नव्हतं. मास्तरांची नजर गेल्यापासून कान तिखट झाले होते. ती पुटपुटली तरी त्यांना कुठला पाढा चाललाय ते कळायचं. म्हणून तिने वह्या एकेक करून मेणकापडात गुंडाळून वलांडीवर न्यायला सुरुवात केली. टोपलीत खाली वही, वर जाळ्याचा तुकडा. बोंबील टांगून झाले की सुक्या मासळीच्या ढिगाआड बसायचं आणि पेन्सिलीने ताळे करायचे. खारा वारा पानं उडवायचा, ती गुडघ्याखाली दाबून धरायची. उत्तरेकडून, बोईसर-तारापूरच्या बाजूने, अणुवीज कारखान्याच्या कामावरचे सुरुंगांचे आवाज येत. दर वेळी ती दचकायची, जणू कुणी तिच्याच नावाने हाक मारली.

चौथ्या दिवशी जमनाने तिला पकडलं. जमना ही मास्तरांची थोरली बहीण, विधवा, त्यांच्याच घरी असायची. तिला या वह्यांचा मनस्वी राग होता. भावाचे डोळे आकड्यांनी खाल्ले, असं ती उघड म्हणायची.

"हितं काय चाललंय तुजं?" जमनाने टोपलीच हिसकली. "त्याचे डोळे गेले, आता तुजे घालव!"

"वन्सं, हळू बोला."

"का हळू? तो तरी ओटीवर बसून करायचा. तू चोरून करतेस. काय लपवतेस त्याच्यापासून?"

नवसीने पेन्सिल आत घालून वही मिटली. जमनाने तिचा चेहरा पाहिला, टोपली खाली ठेवली आणि चालू लागली. पण त्या संध्याकाळी जेवताना मास्तरांनी विचारलं, "ताई म्हनते, वलांडीवर वही घेऊन बसतेस?"

नवसीने पुढचा घास कालवला. "मेळाव्याची उजळणी करते. कुनी इचारलं तर सांगता यायला पायजे."

"मला इचार की. मी हाय ना."

"तुमाला भाषणाची तयारी हाय."

मास्तर पुन्हा जेवू लागले. त्यांना पटलं की नाही ते तिला कळलं नाही. जमना मात्र ताटातून डोकं वर न काढता तिच्याकडे पाहत होती.

आठव्या दिवसापर्यंत अठराशेचे ताळे पाहून झाले. सत्तावन्न चुकीचे निघाले. तिने ते कागदावर क्रमाने लिहिले आणि एकेक करून पुन्हा भागायला घेतले. बाकी उरली की तिला हायसं वाटे. म्हणजे मास्तर चुकले खरे, पण त्यांचं म्हणणं चुकलं नाही. चाळीस झाले. चव्वेचाळीस झाले. मेळाव्याला दोन दिवस उरले होते आणि तिला वाटायला लागलं, सुटलो. हे सत्तावन्न मुकाट्याने दुरुस्त करून टाकू, मास्तरांना कधी कळणारही नाही.

पंचेचाळिसावा आकडा होता वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. तेहतिसाव्या वहीच्या शेवटच्या पानांपैकी एक. मास्तरांनी खाली बाकी लिहिली होती, २०५१६१९. ताळा आठ यायच्या ऐवजी पुरा नऊ येत होता.

तिने नव्याने मांडलं. पहिल्या आठ एकांत पाच वेळा. खाली एक घेतला, तीन वेळा. तिसऱ्या पायरीला आकडा आला १३०९७९२१, सहा वेळा. इथेच तिला चूक दिसली. मास्तरांच्या वहीतही इथपर्यंत सगळं बरोबर होतं, आकडाही हाच होता. पण वजाबाकी करताना त्यांनी आपल्याच हाताने लिहिलेला पहिला नऊ एक म्हणून वाचला होता. तिथून खालचं सगळं वाहवत गेलं होतं.

ती पुढे निघाली. तीन, मग दोन, दोन, दोन. तीन. पाच. शेवटचा एक खाली उतरवला. आकडा झाला १४५०२०६१.

सात वेळा वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस किती? तिने कडेला गुणाकार केला. सात त्रिक एकवीस, हातचे दोन. सात दुणे चौदा नि दोन सोळा. ती एकेक अंक लिहीत गेली. एक कोटी पंचेचाळीस लाख दोन हजार एकसष्ट. तोच आकडा.

खाली काहीच उरलं नाही.

ती तशीच बसून राहिली. डोक्यावर बोंबलांच्या ओळी वाऱ्याने एकमेकांवर आपटत होत्या. मग तिने कोरा कागद घेऊन पहिल्यापासून पुन्हा भागलं. पुन्हा शून्य. तिसऱ्यांदा तिने उलट केलं, भागाकार ५३६३२२२३५७ भाजकाने गुणला. कागदावर ओळीने सतरा एक उभे राहिले.

नऊ वर्षं जो आकडा तुटत नव्हता तो तुटला होता. तिला आनंदाचा उमाळा आला आणि त्याच क्षणी त्या आनंदाचीच तिला भीती वाटली. कारण हा भाग तिला गेला होता. मास्तरांच्या हातातून निसटलेला. तीन वर्षांपूर्वी त्यांनी हाच आकडा मांडला होता, हाच भागाकार केला होता आणि एका नवामुळे त्याच्या शेजारून निघून गेले होते. हे त्यांना कसं सांगायचं?

दोन दिवस तिने सांगितलं नाही. सांगायचंच नाही असं ठरवलं. मेळाव्यात कोण तपासणार आहे? मास्तर दोन शब्द बोलतील, लोक टाळ्या वाजवतील, सर नारळ देतील. आंधळ्या होत चाललेल्या माणसाला एवढं मिळू द्यावं. बोलून तरी कुणाचं काय भलं होणार? असं ती स्वतःला समजावत होती, आणि तरीही रविवारी सकाळी निघताना तिने पिशवीत तेहतिसावी वही टाकली. का टाकली, ते तिला सांगता आलं नसतं.

मुरब्याहून पालघरला जायचं तर होडीने खाडी ओलांडून सातपाटीला उतरायचं आणि पुढे एस.टी. होडी महादूची होती. नवसी आणि मास्तर मधल्या फळीवर बसले. मास्तरांनी धुतलेलं धोतर, काळा कोट घातला होता. होडी पाण्यात गेली तसं ते पुटपुटू लागले. भाषणाचा सराव करत होते.

"गेली नऊ वर्षं मी आणि माझी पत्नी... एक एक भागाकार आम्ही आमच्या हाताने केला. आणि मी आज खात्रीने सांगतो की पंचवीस लाखांपर्यंत..."

"मास्तर."

"थांब, इसरंन मी. खात्रीने सांगतो की..."

"मास्तर, खात्रीनं नका म्हनू."

ते थांबले. त्यांचे डोळे तिच्या बाजूला वळले, पण नजर तिच्या खांद्यावरून पाण्यावर गेली. "का?"

तिने सगळं सांगितलं. नमुन्याचा भागाकार, ताळे, वलांडी, सत्तावन्न. शेवटी तो आकडा सांगितला. मास्तरांचा हात होडीच्या काठावर होता. तो हळूहळू घट्ट होत गेला.

"खोटं," ते म्हणाले. "तो आकडा मी केलाय. वीस लाख एकाहत्तर हजार सातशे तेवीस. मला आठवतोय. बाकी उरली होती."

"उरली होती. वही हाय माज्याकडं."

"वाच. मी काय लिवलंय ते वाच."

ती वाचत गेली आणि ते मनातल्या मनात वजा करत गेले. पहिली पायरी, दुसरी. तिसरीला तिने आकडा वाचला, त्यांनी खालची बाकी तोंडाने सांगितली, सहा लाख सदुसष्ट हजार पाचशे त्र्याऐंशी. "काय लिवलंय मी?"

"पाच लाख सत्त्याऐंशी हजार पाचशे त्र्याऐंशी."

मास्तरांनी बोटाने फळीवर आधी नऊ काढला, नंतर एक. मग म्हणाले, "नऊ. मी एक वाचला." आणि पुढे, "माजंच अक्षर."

"मास्तर..."

"महादू, होडी वळव. मला नाय जायचं."

महादूने नवसीकडे पाहिलं. "ओहोटीनं ओढ धरलीय मास्तर. आता वळवली तर गाळात बसू. सातपाटीलाच लागावं लागंल."

होडी सातपाटीला लागली. नवसीने हात धरून त्यांना उतरवलं. एस.टी.च्या थांब्यावर दगडावर ते बसले. एक गाडी आली, गेली. मास्तर उठले नाहीत. नवसी उभी होती. तिला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी पुन्हा आकड्याचं बोलणार नाही. सत्तावन्न चुका मोजून दाखवणारी बायको कुणाला हवी असते?

"बाकी छप्पन्न चुकल्या म्हनतेस," ते एकदम म्हणाले.

"व्हय. पन त्यातल्या चव्वेचाळीसांत बाकी उरतेच. बारा बगायच्या ऱ्हायल्यात."

"ह्यो तीनदा केलास?"

"दोनदा भागला. एकदा गुणला."

"गुणलास? समदे एक आले?"

"समदे."

त्यांचा चेहरा वाकडा झाला. रडतायत की हसतायत ते तिला कळेना. "तुटला म्हंजे," ते म्हणाले. "नवशे, तो तुटला." आणि त्यांनी काठी शोधायला हात पुढे केला. "पुडची गाडी कवा हाय?"

मेळाव्याच्या दालनात सगळे बाक भरले होते. सावे सरांनी ओळख करून दिली. उंच, सडसडीत, खादीचा सदरा घातलेले सर बोलताना अडखळले नाहीत, पण मास्तर उभे राहिले तेव्हा दालनात शांतता झाली ती त्यांच्या चाचपडण्याने. नवसी मागे बायकांच्या बाकावर बसली होती.

"मी सांगायला आलो होतो एक," मास्तर म्हणाले, "आणि सांगणार आहे दुसरं. सतरा एकांना पंचवीस लाखांपर्यंत भाजक नाही असं मी सरांना कळवलं होतं. ते चूक आहे. भाजक आहे. माझ्या तेहतिसाव्या वहीत तो मी हातात धरून सोडून दिला. माझ्या बायकोने तो परत काढला."

कुजबुज उठली. पुढच्या बाकावरचे एक मुख्याध्यापक उभे राहिले. "मास्तर, तेव्हा चूक झाली हे तुम्हाला कळलं नाही. मग आता बरोबर आहे हे कशावरून?"

प्रश्न रास्त होता, म्हणूनच नवसीच्या जिव्हारी लागला. सावे सरांनी खडू उचलला. "कशावरून म्हणजे? गुणून पाहू." त्यांनी दोन्ही आकडे फळ्यावर लिहिले. भाजकात सात अंक, त्यात एक शून्य. पहिल्या बाकावरच्या सहा शिक्षकांना त्यांनी एकेक अंक वाटून दिला. प्रत्येकाने आपला गुणाकार करायचा आणि फळ्यावर आपापल्या घरात मांडायचा. शिक्षक हसत पुढे आले, पण खडू चालायला लागला तसं हसणं थांबलं. सहा ओळी मांडून झाल्या. सरांनी उजवीकडून बेरीज सुरू केली.

एक. एक. एक. एक. एक. एक.

सातव्या घरात शून्य आलं.

सरांनी ते लिहिलं, खडू तसाच धरून उभे राहिले, मग पुढची घरंही मिळवली. पुढे सगळे एकच होते, पण मधलं ते शून्य सगळ्यांना दिसत होतं. मागून कुणीतरी हसलं. मुख्याध्यापक चष्मा काढून पुसायला लागले. मास्तरांना फळा दिसत नव्हता. "काय आलं?" त्यांनी विचारलं. "सर, काय आलं?"

नवसीने फळ्यावरच्या ओळी पुन्हा पाहिल्या. वरून खाली, खालून वर. आणि ती उठून उभी राहिली.

"सर, त्या दोन ओळी सातच्याच हायत."

सगळी डोकी मागे वळली.

"भाजकात सात दोनदा हाय. दोन्ही ओळी सारख्या पायजेत. खालच्या ओळीत मधी पाच-पाच-सहा हाय, वरच्या ओळीत पाच-चार-सहा."

सर फळ्याकडे वळले. वरच्या सातवाले शिक्षक, मनोरचे एक तरुण मास्तर, पुढे गेले, बोटाने आपली ओळ चाळली आणि कानापर्यंत लाल झाले. "हातचा राहिला," ते म्हणाले. त्यांनी चार पुसून पाच केला. सरांनी शून्य पुसलं आणि तिथे एक लिहिला. मग सगळे एक मोठ्याने मोजले. सतरा.

टाळ्या लगेच झाल्या नाहीत. आधी मुख्याध्यापकांनी विचारलं, आता त्यांचा सूर वेगळा होता, "हा दुसरा जो मोठा आकडा आहे, पाच अब्जांचा, तो आणखी तुटत असेल?"

नवसीला याचं उत्तर ठाऊक नव्हतं. सरही क्षणभर विचारात पडले. उत्तर दिलं ते मास्तरांनी.

"नाही तुटणार," ते म्हणाले. बोलता बोलता त्यांची मान वर झाली. "तुटला तर त्याचा एक तुकडा चौऱ्याहत्तर हजारांच्या आतला असेल. जो त्याला भागेल तो सतरा एकांनाही भागेल. आणि तिथपर्यंतचे सगळे भाजक माझ्या पहिल्या दोन वह्यांत आहेत. एकानेही भाग गेला नाही. त्या वह्या मी लिहिल्या तेव्हा माझे डोळे चांगले होते, आणि प्रत्येक भागाकाराचा ताळा केलेला आहे."

सावे सर हळूच म्हणाले, "बरोबर आहे." आणि टाळी पहिली त्यांनीच वाजवली.

परतीच्या गाडीत मास्तर खिडकीशी बसले. गाडी सुटल्यावर म्हणाले, "मला अकरा दिवस सांगितलं नायस."

"नाय."

"राग आलाय मला त्याचा."

"येऊ द्या," नवसी म्हणाली. "मला बी भ्या वाटत होतं."

"भ्या कसलं?"

"तुमी वह्या बंद कराल म्हनून."

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनीच तिला बोलावलं आणि उरलेले बारा भागाकार ओटीवर मोठ्याने करायला लावले. बाराही भागाकारांत बाकी उरली. जमना दारात बसून मासळी निवडत होती. पाचव्या भागाकाराला तिने विचारलं, "उरली का?" आणि मग प्रत्येक वेळी विचारत राहिली.

फेब्रुवारीत सावे सरांचं पत्र आलं. त्यांनी मुंबईत एका ग्रंथालयात शोध केला होता. सतरा एकांचे हेच दोन तुकडे युरोपात फार वर्षांपूर्वी कुणीतरी काढले होते, जुन्या पुस्तकात त्याची नोंद होती. आपल्याला हे आधी ठाऊक नव्हतं याबद्दल सरांनी क्षमा मागितली होती. नवसीने पत्र मोठ्याने वाचलं आणि वाचता वाचता तिचा आवाज बारीक झाला. मास्तर ऐकत होते.

"वाईट वाटलं?" त्यांनी विचारलं.

तिने विचार केला. वाटलं होतं, थोडंसं. पण तिने पत्राचा खालचा भाग पुन्हा डोळ्यांजवळ घेतला, तिथे सरांनी पुस्तकातले दोन्ही आकडे लिहिले होते, आणि तेहतिसाव्या वहीतल्या आपल्या कागदाशी ते अंकाअंकाने ताडून पाहिले. दहाच्या दहा, सातच्या सात.

"त्यांचं बी बरोबर हाय," ती म्हणाली, आणि पत्र घडी करून वहीत ठेवलं.